अकराव्या वळणावरचा दुसरा

शर्यतीच्या दिवशी सकाळी ताई सगळ्यांत आधी भांडारात गेली, खेकडा आणायला.

खेकडा म्हणजे लोखंड कापायची मोठी कात्री. तेलाच्या दाबावर चालते, दोन्ही हातांनी उचलावी लागते, आणि तिचे वाकडे दात मिटले की गाडीचा पोलादी खांब काकडीसारखा तुटतो. कागदोपत्री तिला लांबलचक नाव आहे, पण अग्निशमन दलात ते कुणी घेत नाही. आठवड्यापूर्वी तिच्या नळीतून तेल गळायला लागलं होतं, म्हणून ताईनं ती दुरुस्तीला टाकली होती.

"घ्या तुमचं लाडकं बाळ," भांडारवाला म्हणाला. "न्हाऊमाखू घालून तयार केलंय."

"चावतंय ना नीट?"

"बोट घालून बघा."

"नको बाबा. दहाच आहेत, आणि दिवस अजून सगळा जायचाय."

हसत हसत तिनं खेकडा गाडीत ठेवला आणि अकराव्या वळणाकडे निघाली. ऊन कोवळं होतं. प्रेक्षक छत्र्या, टोप्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन आत शिरत होते. तेव्हा बघितलं असतं तर कुणालाही वाटलं असतं, बाई सहलीला चाललीय.

ताईला दलात वीस वर्षं झाली होती. दरवर्षी देशाची ग्रां प्री, मोटारींची सगळ्यांत मोठी शर्यत, भरली की तिच्या पथकाची नेमणूक ट्रॅकवर व्हायची. या शर्यतीच्या गाड्या आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या नसतात. चारही चाकं अंगाबाहेर उघडी, मधे एकच माणूस कसाबसा मावेल एवढी खोबण, छप्पर नाही, दार नाही. ती चाकं उघडी असतात हाच घात. मागच्याचं चाक पुढच्याच्या चाकाला लागलं की दोघांपैकी एक तरी हवेत उडालाच म्हणून समजा. मग आत अडकलेल्याला बाहेर काढायचं, हे ताईच्या पथकाचं काम.

पथक छोटंच. एक तरुण डॉक्टर, तोंडाची टकळी कधी बंद न होणारा. वळणाच्या मचाणावर झेंडे घेऊन उभे असलेले मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. आणि पैलवान.

पैलवान दलात बंब चालवायचा. दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागतील एवढा रुंद माणूस, पण आवाज मऊ. एके काळी तो विनोदांनी अख्खं ठाणं डोक्यावर घ्यायचा. गेली तीन वर्षं तो कमी बोलायचा, आणि बसला की उजवा हात खिशात घालून बसायचा.

त्याचं कारण ताईला माहीत होतं. कारण तीच होती.

तीन वर्षांपूर्वी याच वळणावर एक गाडी उलटून टायरच्या भिंतीखाली गेली होती. तिच्या चालकाला सगळे हसरा म्हणायचे, कारण हरला तरी त्याचे दात दिसायचे. पैलवाननं खोबणीत हात घालून त्याचा हात धरला होता. हसरा शुद्धीवर होता, बोलत होता. पेट्रोल वाहत होतं. तेवढ्यात ताईच्या कानावर टाकीचा तो आवाज आला. चहाची किटली उकळण्याआधी बारीक गुणगुणते ना, तसा. दलात पहिल्या महिन्यात शिकवतात, हा आवाज आला की हातात अर्धंच मिनिट उरलं.

"मागे हो!" ताई ओरडली.

पैलवान हलेना. तिनं त्याची कॉलर धरली आणि त्याला फरफटत मागे आणलं. हसऱ्याचा हातमोजा पैलवानच्या मुठीत निघून आला. आतून हसरा म्हणाला, "थांबा ना... मी येतोय." ओरडला नाही, रडला नाही. बस सुटत असताना माणूस कंडक्टरला म्हणतो, तसं म्हणाला. मग टाकी फुटली, आणि त्यानंतर जो आवाज आला तो ताईनं आजवर कुणाला सांगितलेला नाही.

चौकशी झाली. ताईचा निर्णय योग्य होता, नाहीतर एकाऐवजी तिघं गेले असते, असं समितीनं लिहून दिलं. पैलवाननंही तिला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुष्कळदा वाटायचं.

दुपारी दोनला शर्यत सुरू झाली.

या गाड्यांचा आवाज आधी पायांच्या तळव्यांना कळतो, मग पोटात, आणि सगळ्यांत शेवटी कानांना. वीस गाड्या एकामागून एक वळणात घुसल्या आणि गेल्या. मग दीड मिनिट शांतता. मग पुन्हा वीस. शेवटचा सतरा नंबर होता, बावीस-तेवीस वर्षांचा नवखा चालक, पहिलीच मोठी शर्यत. डॉक्टर त्याला चिडवत होता, "हा घरी जाईपर्यंत बक्षीस समारंभ संपलेला असेल."

पाचव्या फेरीला सतरा नंबर गेला, आणि त्याच्यामागून आणखी एक आवाज आला.

आवाज वळणात शिरला. गियर बदलल्याचे तीन ठोके पडले. ट्रॅकच्या कडेचं गवत झपकन एका बाजूला झुकलं आणि वाऱ्याचा गरम फटकारा ताईच्या तोंडावर बसला. रस्ता मात्र रिकामा होता. उन्हात चकाकणारं डांबर, बस.

ताईनं डॉक्टरकडे पाहिलं. तो पाण्याची बाटली उघडत होता. मग तिनं पैलवानकडे पाहिलं. पैलवानची मान डावीकडून उजवीकडे सावकाश वळली, समोरून जाणाऱ्या गाडीमागे वळते तशी. आणि वळणाच्या टोकाला जाऊन थांबली.



जळलेल्या रबराचा वास तर शर्यतीत दिवसभर असतोच. पण आता जो वास यायला लागला तो वेगळा होता. तीन वर्षांपूर्वी ताईनं गणवेश चार वेळा धुतला होता, पाचव्यांदा टाकून दिला होता, तो या वासापायी.

विसाव्या फेरीच्या सुमारास तिच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. मचाणावरून मास्तर होते.

"ताई, तो सगळ्यांत शेवटचा कोण हो? त्याचा नंबरच वाचता येत नाही."

"सतरा नंबर, मास्तर."

"सतरा दिसतोय मला. त्याच्या मागचा विचारतोय."

ताईनं रस्त्याकडे पाहिलं. "मास्तर... त्याच्या मागे कुणी नाही."

 मग मास्तर म्हणाले, "बरं. ऊन फार आहे आज."

एकतिसाव्या फेरीला ते झालं.

सतरा नंबर एकटाच वळणात शिरला. पुढची गाडी शंभर पावलं पुढे, मागे कुणी नाही. तरी त्याचं मागचं चाक खालून कुणाचं तरी चाक घुसावं तसं उचललं गेलं. ताईनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. रबराला रबर घासल्याचा निळा धूर निघाला, गाडी हवेत गेली, पोट वर करून फिरली आणि टायरच्या भिंतीवर आदळली. एक चाक सुटून ताई आणि डॉक्टर यांच्यामधून गेलं आणि मागच्या कुंपणाचा लोखंडी खांब मुळापासून उखडून घेऊन गेलं. पत्र्याचा तुकडा डॉक्टरच्या गालातून गेला. गाडी तीनदा लोळली, कुशीवर घसरत आली आणि त्यांच्यापासून चाळीस पावलांवर, टायरच्या भिंतीलगत थांबली.

मास्तरांचा लाल झेंडा फडकायच्या आत पथक पळत सुटलं होतं.

चालक जिवंत होता. चाकाला धरून ठेवणारी सळई गाडीच्या अंगातून घुसून त्याच्या मांडीतून आरपार गेली होती. रक्ताची चिळकांडी हृदयाच्या ठोक्यागणिक उडत होती. डॉक्टरनं आपल्या गालाची पर्वा न करता त्याचं डोकं छातीशी टेकवून त्याचे हात धरले, पैलवाननं फोम मारला, ताईनं खेकडा खोबणीत घातला.

"आई गं... आई गं..." चालक कण्हत होता.

"आलो रे आम्ही. दात आवळून बस," ताई म्हणाली.

ती सळईच्या खालच्या टोकाशी कात्री नेत होती, तेव्हा आतून एका हातानं तिचं मनगट धरलं. उघडा हात. गरम. त्यानं दोनदा हलकेच दाबलं, आपण इथे आहोत हे सांगायला दाबतात तसं.

"हात सोड रे, कापू दे मला."

डॉक्टर म्हणाला, "कुणाला बोलताय ताई? त्याचे दोन्ही हात मी धरलेत."

ताईनं खाली पाहिलं नाही. त्या वेळी पाहिलं असतं तर चालक मेला असता. तिनं कात्री मिटली, सळई खट्कन तुटली, मग वरचं टोक. तिघांनी मिळून चालकाला उचललं. तो कापडाच्या गाठोड्यासारखा अलगद बाहेर आला, जसं काही खालून कुणी वर लोटत होतं. रुग्णवाहिका आलीच होती. डॉक्टर त्याच्याबरोबर आत चढला आणि दारं लागली.

मागे ताई आणि पैलवान दोघंच उरले. बंब दोन मिनिटांवर होता. कुशीवर पडलेल्या गाडीखालून पेट्रोलचा ओघळ डांबरावर पसरत होता.

"चल, मागे हो आता," ताई म्हणाली.

पैलवान गाडीकडे बघत उभा होता.

"ताई," तो मऊ आवाजात म्हणाला, "दुसऱ्याला कधी काढायचं?"

"पैलवान... ही एका माणसाची गाडी आहे."

"माहितीये."

आणि खोबणीच्या काळोखातून एक हात बाहेर आला. काजळी धरलेला, मनगटापाशी कातडी सुटून दुमडलेली. पाचही बोटं उघडी. भीक मागणाऱ्याची असतात तशी नव्हेत, तर खड्ड्यातून वर यायला आधार मागणाऱ्याची.

"थांबा ना..." आतून आवाज आला.

पैलवान पुढे झाला. ताई काही बोलायच्या आत तो गुडघ्यांवर बसला होता आणि त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत खोबणीत गेला होता. त्याच क्षणी गाडीच्या मागच्या अंगाला ज्वाळ दिसली, आणि ताईच्या कानावर किटलीची ती गुणगुण आली.

"मागे हो!"

"तेव्हा ऐकलं तुझं, ताई." त्यानं मान वळवली. गाल ओले होते. "तीन वर्षं डोळ्याला डोळा नाही. आज नाही ऐकणार."

तिनं त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि सगळं बळ लावून ओढलं. पैलवान वीतभर मागे आला. मग आतून हिसका बसला. तो एवढा थोरला माणूस, पण त्याचं डोकं गाडीच्या काठावर आपटलं, भुवई फुटली आणि रक्त डोळ्यांत उतरलं. पुन्हा हिसका. त्याच्या बुटांनी डांबरावर दोन काळ्या रेघा ओढल्या. खांद्यातून कटकन आवाज आला आणि पैलवान गुरासारखा ओरडला.

"सोडत नाही ताई... धरलंय त्यानं... तू जा!"

"सोड त्याला!"

"मी सोडलाय गं! मी केव्हाच सोडलाय!"

ज्वाळा त्याच्या पाठीकडे सरकत होत्या. ताईच्या भुवयांचे केस जळून आखडले. गुणगुण वाढत चालली होती. तिनं मनात मोजायला सुरुवात केली, आणि सहावर असताना तिचा हात बाजूला पडलेल्या खेकड्यावर गेला.

आपला पट्टा तिनं काढला, पैलवानच्या दंडाभोवती आवळून गाठ मारली. त्याला कळलं.

"नको... ताई, नको. तो येतोय वर. अजून थोडंसंच..."

"डोळे मीट."

"त्याला पुन्हा सोडू नकोस गं..."

तिनं कात्री मिटली. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. पैलवान मागे कोसळला, ताईनं त्याला काखेत धरून ओढलं, आणि दोघं टायरच्या भिंतीमागे पडले. पडता पडता तिनं एकदा वळून पाहिलं. न पाहिलं तर बरं झालं असतं. कापलेला हात खाली पडला नव्हता. विहिरीतून दोर ओढावा तसा तो खोबणीत आत आत ओढला जात होता, एक मूठ सोडून पुढची धरत, न थांबता.

मग टाकी फुटली.

चौकशी याही वेळी झाली. विझलेल्या सांगाड्यात काही सापडलं नाही. हात जळून नष्ट झाला, असं समितीनं लिहिलं.  वीस वर्षांत तिनं पुष्कळ जळालेली घरं उपसली होती. हाडं एवढ्या सहजासहजी नष्ट होत नाहीत, हे तिला समितीपेक्षा चांगलं माहीत होतं.

सहाव्या दिवशी दुपारी ती इस्पितळात गेली. वॉर्डाबाहेर पैलवानची बायको बसली होती. ताई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वहिनी, मी..."

"काही बोलू नका ताई." तिनं ताईचा हात धरून बाकावर बसवलं. "दोन लेकरांचा बाप घरी येणार आहे. मला तेवढं कळतं." मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही बघा जरा बोलून. माझ्याशी धड बोलत नाही. नुसता त्या बाजूला बघत असतो."

आत खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. पैलवान उशीला टेकून बसला होता. अंगात घरचा पूर्ण बाहीचा सदरा, उजवी बाही चादरीवर रिकामी पसरलेली.

"दुखतंय?" ताईनं विचारलं.

"दुखत नाही."

"डॉक्टर म्हणत होता, नसलेला हात पुष्कळ दिवस जाणवतो. सगळ्यांनाच. मेंदूला सवय असते."

"मलाही सांगितलं त्यानं." पैलवान हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा हसला असेल, पण ते हसू बघवत नव्हतं. "चांगलं समजावून सांगतो. पण मला हात जाणवत नाही ताई. हात धरलेला जाणवतो."

"कुणी..." तिनं विचारलं आणि लगेच वाटलं, का विचारलं.

"पहिल्या दिवशी बोटं धरली होती. मग मनगट. परवापासून कोपर."

"ओढतोय?"

"नाही गं." त्यानं आवाज अगदी खाली आणला. "ओढत नाहीये. चढतोय. माझ्या हाताला धरून वर येतोय."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. 

मग रिकामी बाही हलली.

वारा नव्हता, पंखा बंद होता. चादरीवर सपाट पडलेलं कापड मनगटाच्या जागी आधी चिमटलं गेलं, मग ताणलं गेलं. खांद्याची शिवण करकरली. पैलवाननं दात आवळले. त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"ताई... माझ्यानं एकट्यानं नाही होत हे..."

ताई उठली. दाराकडे जावं, ओरडावं, कुणाला तरी बोलवावं, हे सगळं तिच्या मनात आलं. पण त्या माणसाला दोनदा मागे सोडून आलेली तीच होती. तिनं पलंगावर गुडघा टेकला आणि बाहीच्या तोंडात हात घातला.

कापडाच्या आत, जिथे काहीच नव्हतं, तिथे पाच बोटं तिच्या तळव्यात आली. गरम आणि खरखरीत. त्यांनी घट्ट धरलं.

"ये," ती म्हणाली. "ये बाबा. नाही सोडत आता."

ती ओढू लागली. वजन आलं, खरं, जिवंत माणसाचं असावं तसं. पैलवाननं डोळे मिटले, त्याचे खांदे सैल पडले. सहा दिवसांत पहिल्यांदा त्याचा श्वास मोकळा झाला. ताईनं पाय रोवून आणखी थोडं ओढलं. बोटं पुढे सरकली, मनगट तिच्या मुठीत आलं.

त्या मनगटावर एक मूठ आवळलेली होती.

जाड चामड्याचा जुना हातमोजा होता तो. आजकालचे चालक तसले वापरत नाहीत; हसऱ्याच्या कितीतरी आधी जळालेल्या कुणाचा तरी असावा. तो हसऱ्याला धरून मागून येत होता. ताईला हात सोडवून घ्यायचा होता, पण आता सोडणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. वजन वाढलं. पलंग जमिनीवर घासत पुढे सरकला. आणि त्या हातमोज्याच्या मागून तिसरा हात आला, चाचपडत तिच्या बोटांपर्यंत पोचला आणि त्यांच्यावर मिटला. लहानसा, बारीक, बाईचा. नखं वाढलेली होती, आणि एका बोटात अंगठी होती.